मुंबईचा उंदीर आणि मद्रासचा उंदीर

(साकीनाका येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या तात्यांना तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलेलं नसेल. मी पाहिलं आहे. आमच्या चाळीत माझ्या घराला लागून त्यांची खोली होती. महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात ते रात्रपाळीला उंदीर मारायचं काम करत. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खांद्याला गोणी. रात्रीत तीस उंदीर भरले पाहिजेत असा हिशेब असे. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यायचे, घरी येऊन आंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि मग झोप. इथल्या वाचनालयाचं पहिलं कपाट त्यांच्या पगारातून आलं.

मी प्राणिशास्त्र शिकत होतो तेव्हा तात्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘‘बॅटरीचा उजेड डोळ्यांवर पडला की उंदीर दोन प्रकारे वागतो. एक जागीच थिजतो. तो मरतो. दुसरा उजेड पडताक्षणी गटारात घुसतो. तो वाचतो आणि पिल्लं घालतो. मी कामाला लागलो तेव्हा थिजणारे जास्त मिळायचे, आता कमी मिळतात. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात?’’

मी उत्साहानं म्हणालो, ‘‘तात्या, याला नैसर्गिक निवड म्हणतात.’’ घरी गेल्यावर मात्र शंका आली. उंदीर हुशार असतो. त्यातला एखादा काठीच्या तडाख्यातून वाचला की तो शिकतो. आईच्या मागं मागं फिरणारी पिल्लंही शिकतात. मग तात्या सांगत होते ते शिकण्यातून आलं की रक्तातून? या दोहोंत फरक कसा करायचा? आज मी जे बोलणार आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे. याच प्रश्नाचा शोध याच शहरात, इथून थोड्या अंतरावर परळला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. त्या शोधाची आठवण मुंबईला राहिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सप्टेंबर १८९६. मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पुढचं आपल्या घराघरांत सांगितलं गेलंय. काखेत, जांघेत गाठ येई आणि चार-पाच दिवसांत माणूस जाई. अर्धी मुंबई गाड्या भरून गावाकडं पळाली. गावोगावी लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ला गेल्या. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं या रोगानं नेली.

वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले. त्यांनी इथं लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. १९०५पासून तिथं प्लेग संशोधन आयोगाचं काम सुरू झालं. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाकडं आणते, असं फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये सांगितलं होतं, पण त्यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. परळच्या आयोगानं ते चोख सिद्ध केलं. त्यांनी प्रयोगासाठी लहान घरं बांधली, त्यांत पिसवा सोडल्या आणि गिनीपिग ठेवले. जमिनीवरचे गिनीपिग मेले. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले.

इथं एक बारकावा नीट लक्षात घ्या. उंदराच्या पिसूला माणसाचं रक्त मुळात नको असतं. उंदीर जिवंत आहे, ऊबदार आहे, तोवर ती त्याला सोडत नाही. उंदीर मेला, अंग गार पडलं की ती उतरते आणि दुसरा उंदीर शोधते. उंदीरच उरले नसतील तर जो मिळेल तो, म्हणजे आपण. म्हणून घरात उंदीर पडायला लागले की आठ-पंधरा दिवसांत माणसाला गाठ येणार, हे आपल्या आज्यांना आयोगाच्याही आधी माहीत होतं. उंदीर, पिसू, जंतू आणि माणूस असं हे चौघांचं नातं आहे, आणि ते सगळं उंदराच्या मरण्यावर टांगलेलं आहे. उंदीर मेलाच नाही तर पिसू त्याच्याच अंगावर राहते आणि माणूस वाचतो.

याच आयोगाच्या माणसांनी मग एक साधा प्रयोग केला. वेगवेगळ्या शहरांतले रानटी उंदीर आणले आणि सगळ्यांना प्लेगच्या जंतूंची सारखीच मात्रा दिली. मद्रास शहरात प्लेग जवळजवळ शिरलाच नव्हता. तिथले उंदीर बहुतेक सगळे मेले. मुंबईचे, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या प्लेगमधून गेल्या होत्या, ते मोठ्या संख्येनं जगले. या कामाचा सविस्तर अहवाल १९१२मध्ये छापला गेला. मुंबईचा उंदीर आणि मद्रासचा उंदीर एकाच जातीचे, रंगरूपानं सारखे, आणि तरी मृत्यूच्या बाबतीत दोन वेगळे प्राणी झाले होते. प्लेग आल्यापासून सोळा वर्षांत.

सोळा वर्षं हा आपला हिशेब झाला. उंदीर तीनेक महिन्यांत वयात येतो. वर्षाला तीन पिढ्या धरल्या तरी सोळा वर्षांत पन्नासेक पिढ्या होतात. माणसाच्या पन्नास पिढ्या म्हणजे साडेबाराशे वर्षं. वेरूळचं कैलास लेणं कोरलं जात होतं तिथपासून आपल्यापर्यंतचं अंतर परळच्या उंदरानं व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या काळापासून पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबारापर्यंत कापलं.

आता तात्यांच्या प्रश्नाकडं येऊ. प्लेगमधून वाचलेल्या एकेका उंदराला स्वतःपुरती प्रतिकारशक्ती आली असेल तर ती उत्क्रांती नव्हे. गोवर होऊन गेलेल्या मुलाला पुन्हा गोवर येत नाही, तसंच ते. फरक करायचा तर असे उंदीर हवेत, ज्यांची या रोगाशी गाठच पडलेली नाही, पण ज्यांचे पूर्वज त्यातून गेलेत. १९३०च्या दशकात मुंबई स्वतःच तशी प्रयोगशाळा झाली होती. प्लेग ओसरला होता. रानटी उंदीर फार तर वर्ष-दीड वर्ष जगतो, म्हणजे तेव्हा सापळ्यात सापडणाऱ्या उंदरानं प्लेगचा कहर पाहिला असण्याची शक्यता फार थोडी. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी पुन्हा ठिकठिकाणचे उंदीर तपासले. १९३७मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मुंबईचा उंदीर अजूनही दणकट होता. मद्रासचा अजूनही नाजूक. आजा-पणजांनी भोगलं, आणि जे भोगूनही उरले त्यांचंच रक्त पुढं आलं.

मुंबईतला प्लेग का ओसरला, याची कारणं अनेक आहेत. मद्रास वाचलं त्याचंही एक कारण असं, की तिथली पिसू वेगळ्या जातीची होती आणि ती रोग पसरवण्यात कमकुवत होती. पण उंदराचं बदलणं हे त्या कारणांतलं एक मोठं कारण आहे असं मी मानतो. लस, वस्त्या रिकाम्या करणं, फवारणी हे सगळं आपण केलेलं, म्हणून ते इतिहासात आलं. उंदरानं जे केलं ते शास्त्रीय अहवालांतच राहिलं.

आणखी एक धागा परळहून एडिंबरोला जातो. करोनाच्या दिवसांत रोज संध्याकाळी टीव्हीवर आपण एक आलेख पाहायचो, वर चढणारा, शिखर गाठून उतरणारा. त्यामागचं गणित एडिंबरोच्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७मध्ये मांडलं. त्यांच्या त्या निबंधात ज्या साथीशी गणित पडताळून पाहिलं आहे ती साथ आहे मुंबई बेटावरच्या प्लेगची, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. आठवड्यागणिक मृत्यूंचे ते ठिपके म्हणजे आपल्याच गिरणगावातली, मांडवीतली, कामाठीपुऱ्यातली माणसं. वक्र त्या ठिपक्यांवर सुरेख बसतो. पण त्या गणितात लागण होण्याचा दर ठरलेला असतो, मरण्याचा दर ठरलेला असतो. एका हंगामापुरतं ते चालतं. वीस वर्षांसाठी चालत नाही, कारण तेवढ्या वेळात उंदीरच बदलतो आणि त्याच्याबरोबर दरही बदलतात.

फार वर्षं आमच्या शास्त्राची वाटणी अशी होती, की परिसरशास्त्रज्ञानं वर्षा-दोन वर्षांचं बघायचं, कोण कुणाला खातं, कुणाची संख्या किती. उत्क्रांतीवाल्यानं लाखो वर्षांचं बघायचं. डार्विनलाही वाटत होतं की हे काम इतकं हळू चालतं की डोळ्यांना दिसायचं नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ही वाटणी मोडली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काचेच्या भांड्यात हिरवं शेवाळ आणि ते खाणारे सूक्ष्म जीव एकत्र वाढवले. एकाच वाणाचं शेवाळ ठेवलं तर खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची संख्या पुस्तकात असते तशी वरखाली होते. वेगवेगळ्या वाणांचं शेवाळ ठेवलं तर सगळा ताल बदलतो, कारण खाणारे वाढले की पचायला जड असलेलं शेवाळ पुढं येतं, ते कमी झाले की भराभर वाढणारं येतं. २००३मध्ये हे प्रसिद्ध झालं. निवड इतकी वेगानं चालते की संख्येचा चढउतार तिच्याशिवाय समजतच नाही.

गप्पी मासा तर तुम्ही पाहिलाच असेल. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिका तो विहिरींत, हौदांत सोडते. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांत जॉन एंडलर आणि डेव्हिड रेझनिक यांनी मोठे शिकारी मासे असलेल्या डोहातले गप्पी उचलून धबधब्याच्या वर, शिकारी नसलेल्या पाण्यात सोडले. चार वर्षांत नर मोठे होऊन उशिरा वयात यायला लागले. पुढं २०१०मध्ये दिसलं ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. शिकाऱ्यांच्या धाकात वाढलेले गप्पी किडे-अळ्या जास्त खातात, निर्धास्त पाण्यातले गप्पी शेवाळ जास्त खातात. म्हणजे कोणत्या वंशाचा गप्पी सोडला यावर पाण्यात शेवाळ किती उरणार आणि किडे किती उरणार हे ठरतं. इथल्या विहिरींत शंभर वर्षं शिकाऱ्यावाचून राहिलेला गप्पी आज अळ्या किती आवडीनं खातो, हे इथल्या एखाद्या मुलीनं एक पिंप आणि एक वही घेऊन मोजायला हरकत नाही. मी मदतीला येईन.

आता विदर्भात चला, कारण मुंबईचा उंदीर ही जुनी गोष्ट झाली आणि कपाशीची गोष्ट अजून चालू आहे.

२००२मध्ये आपल्याकडं बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचं विष झाडातच तयार होतं आणि बोंड पोखरणारी अळी ते खाऊन मरते. सुरुवातीला हिरवी अमेरिकन बोंडअळी खरोखर आटोक्यात आली. २००६मध्ये दोन विषांचं वाण आलं. पण कपाशीवर आणखी एक अळी असते, शेंदरी बोंडअळी. पहिल्या विषाला ती दाद देत नाही, हे २०१०मध्ये गुजरातेत पक्कं झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या विषालाही ती पुरून उरली. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांनी बोंड फोडलं की आत अळी, आणि रुईचा रंग गेलेला.

दोन अळ्या, विषं तीच, मग एक का हरली आणि दुसरी का जिंकली? अमेरिकन बोंडअळी कपाशीबरोबर तूर खाते, हरभरा खाते. आपल्या शेतकऱ्यानं कपाशीत तुरीच्या ओळी घातल्या तेव्हा नकळत त्या अळीला विष नसलेलं घर दिलं. तिथं विषाला बळी पडणारे पतंग जगत राहिले, प्रतिकार करणाऱ्या मोजक्या पतंगांशी त्यांचा संकर होत राहिला आणि प्रतिकार पातळ होत गेला. शेंदरी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला दुसरं घर नव्हतं. म्हणून तर नियम होता, की बीटीभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र साध्या कपाशीचं लावायचं. बियाण्याच्या पाकिटाबरोबर ती वेगळी पुडी येई. ज्याच्याकडं चार एकर आहे त्याला स्वतःच्या रानाचा पाचवा हिस्सा अळीसाठी सोडायला सांगणं सोपं नव्हतं, आणि त्याला त्यामागचं कारण कुणी नीट समजावूनही दिलं नाही. पुडी बांधावर पडून राहिली. त्यात पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवली. अळीला वर्षभराची सोय झाली. डोमकळी, म्हणजे अळीमुळं न उमललेलं फूल, दिसली की अळी आली हे शेतकरी ओळखतो, पण तोवर ती फुला-बोंडांत शिरलेली असते आणि तिथं फवारा पोहोचत नाही.

शेतातलं नातं कसं बदलत गेलं ते पाहा. एक अळी गेली, तिची जागा दुसरीनं घेतली. बोंडअळीची फवारणी थांबली तसे रस शोषणारे किडे वाढले, मग त्यांच्यासाठी औषधं आली, औषधांची मिश्रणं आली. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याला कारणं अनेक होती, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची घातक मिश्रणं, अंगावर संरक्षण नसणं. पण त्या साखळीत एका टोकाला पतंगांची उत्क्रांती आहे आणि दुसऱ्या टोकाला पाठीवर पंप घेतलेला मजूर आहे, हे मला विसरता येत नाही.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात याच शेंदरी अळीचा प्रतिकार उलटा खाली आणला गेला. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी लावली. त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बिनविषाची निघाली आणि साध्या पतंगांना राहायला जागा मिळाली. म्हणजे उत्क्रांतीची दिशा बदलता येते. त्यासाठी शत्रूतले दुबळे जिवंत ठेवावे लागतात. ही गोष्ट आपल्या मनाला पटायला जड आहे. आपल्याला शेवटचा उंदीर, शेवटची अळी मारायची असते. सगळे मारायला गेलं की उरतो तो फक्त न मरणारा.

उंदरांच्या विषाचंही तसंच झालं. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन १९५०च्या सुमारास आलं आणि १९५८मध्येच स्कॉटलंडच्या शेतांत त्याला न जुमानणारे उंदीर सापडले. अशा उंदरांच्या काही वाणांना ‘के’ जीवनसत्त्व जास्त लागतं, ही त्या ताकदीची किंमत. विष बंद केलं तर असे उंदीर हळूहळू मागं पडतात. प्रतिकार फुकट मिळत नाही. गरज संपली की तो टिकेलच असंही नाही.

हे वाक्य मी मुद्दाम बोललो, कारण त्यातून आपल्याच राज्यातल्या एका गावाकडं जायचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याचे हादरे बीड जिल्ह्यातही बसले. लोक घराबाहेर राहायला लागले, धान्य घरांत पडून राहिलं, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडायला लागले आणि मग माणसांना गाठी आल्या. अठ्ठावीस वर्षांत देशात प्लेग दिसला नव्हता. इतक्या दीर्घ शांततेत उंदरांवरची निवड थांबलेली असते, हे आपण गृहीत धरलं पाहिजे. आजोबांनी मिळवलेलं नातवाकडं असेलच असं नाही.

साकीनाक्याची वस्ती दाट आहे. गाळे, गोदामं, खानावळी, मिठी नदीला मिळणारी गटारं, छपरांवरची पाण्याची पिंपं. इथं माणूस, उंदीर, डास आणि जंतू एकमेकांच्या इतके जवळ राहतात की एकानं कूस बदलली की दुसऱ्याला जाग येते. आपण टाकलेलं उष्टं, ओतलेलं औषध, उघडं ठेवलेलं झाकण, या प्रत्येक गोष्टीनं पुढच्या पिढीत कोण जगणार हे ठरतं. हे काम प्रयोगशाळेत चालत नाही. ते खैरानी रोडवर, जरीमरीत, सफेद पुलाखाली रोज रात्री चालतं.

तात्यांच्या उंदरांचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. थिजणाऱ्याची आणि पळणाऱ्याची पिल्लं जन्मतः वेगळी करून, आईवाचून वाढवून, एका अंधाऱ्या खोलीत त्यांच्यावर बॅटरी मारून पाहिली पाहिजे. तो प्रयोग मी माझ्या नोकरीच्या काळात केला नाही. करायला हवा होता. प्रश्न विचारणारा माणूस शेजारच्या खोलीत राहत होता आणि मी त्याला पुस्तकातला एक शब्द देऊन परत पाठवलं.

तेव्हा दोन विनंत्या. उंदीर मारायला रात्री निघणारी पालिकेची माणसं आजही तुमच्या गल्लीतून जातात. ते काय पाहतात ते त्यांना विचारा आणि वाचनालयाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. आणि कधी एकाच जागी, एक-दोन दिवसांत तीन-चार उंदीर कुणी न मारता मरून पडलेले दिसले, तर त्यांना हात लावू नका, झाडूनं गटारात ढकलू नका. लगेच वॉर्ड ऑफिसला कळवा.